आभाळ कागदाच्या वरच का अडकतं?

सहा-सात वर्षांच्या मुलाला कागद आणि खडू द्या, बहुतेक वेळा तीच सीनरी उतरते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, डोंगरातून निघून खालपर्यंत रुंद होत आलेली नदी, काठावर कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड आणि वर चारच्या आकड्याचे पक्षी. ज्याच्या खिडकीतून फक्त समोरची बिल्डिंग दिसते, ते मूलही हीच सीनरी काढतं.

या चित्रातली सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे आभाळ. कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी असते आणि तिच्याखाली डोंगरापर्यंत कोरा कागद. मधे काय आहे असं विचारलं तर उत्तर येतं, “काही नाही, हवा आहे.” आई त्याला खिडकीशी नेते, आभाळ पार इमारतींना टेकलेलं दाखवते. मूल मान डोलावतं, परत येऊन बसतं आणि पुन्हा वरच पट्टी रंगवतं. त्याचे डोळे उत्तम आहेत, समजही चांगली आहे. मग त्याला समोरचं दिसत का नाही?

यादी आणि दृश्य

जॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली बालचित्रांवर पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा आजही पालकांना उपयोगी पडतो. लहान मूल जे दिसतं ते काढत नाही, जे माहीत आहे ते काढतं. आभाळ वर असतं हे त्याला माहीत आहे, म्हणून ते कागदावरही वर. टेबलाला चार पाय असतात हे माहीत आहे, म्हणून चारही पाय चार दिशांना पसरलेले. घरात आजी आहे हे माहीत आहे, म्हणून भिंतीतून आरपार आजी दिसते. मुलाचं चित्र म्हणजे एक किराण्याची यादी आहे: सूर्य लिहिला, डोंगर लिहिला, आभाळ लिहिलं. यादीत प्रत्येक जिनसाची एक ओळ असते आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा राहते. ती जागा भरायची आहे असं यादी करणाऱ्याला वाटत नाही.

म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाची निळी पट्टी दुरुस्त करू नये, असं माझं ठाम मत आहे. ती चूक नाही, जग नोंदवायची एक पूर्ण रीत आहे. मोठ्या कलापरंपरांनीही ती वापरली आहे. वारली चित्रातला तारपा नाच पाहा. नाचणाऱ्यांचं वर्तुळ वरून पाहिल्यासारखं आणि त्यातली माणसं बाजूने पाहिल्यासारखी. एकाच जागी उभं राहून असं दृश्य कुणालाच दिसणार नाही, पण नाचाबद्दल जे जे सांगायचं ते सगळं त्यात आलं आहे.

साधारण आठव्या-नवव्या वर्षी मात्र काहीतरी बदलतं. बालकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात हे टप्पे मांडले आहेत. या वयाच्या सुमारास मुलाला आपली यादी अपुरी वाटू लागते. “माझं मांजर मांजरासारखं दिसत नाही” म्हणून ते कागद चुरगाळतं आणि “मला चित्रकला येत नाही” हे वाक्य पहिल्यांदा घरात ऐकू येतं. पुष्कळ मुलं इथेच चित्र काढणं सोडतात. चित्रकलेचे मूलघटक मुलाच्या हाती द्यायचे ते या वळणावर. त्याआधी ते खेळ म्हणून सहज येऊ द्यावेत.

शाळेच्या वहीत हे घटक व्याख्यांसह असतात: रेषा, आकार, घनता, छटा, रंग, पोत, अवकाश. ही सातांची यादी पाश्चात्त्य कलाशिक्षणातून आपल्याकडे रुळली. आपल्या जुन्या परंपरेत चित्राची सहा अंगं सांगितली आहेत. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत ती येतात: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यात भाव आणि लावण्यालाही जागा आहे हे मला फार मोलाचं वाटतं. पण घरी सुरुवात करायला सातांची यादी सोपी, कारण तिच्यातला प्रत्येक घटक म्हणजे डोळ्यांना विचारायचा एक प्रश्न आहे. व्याख्या पाठ करून प्रश्न सुटत नाही, समोरच्या वस्तूकडे पाहूनच सुटतो.

रेषा: कड कुठे आहे?

वाटीभोवती काळी रेघ नसते. चित्रात मात्र आपण ती काढतो आणि सगळ्यांना वाटी ओळखू येते. असं का? डोळ्यांकडून आलेल्या माहितीत आपला मेंदू आधी कडा शोधतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दृष्टीच्या भागातल्या काही पेशी विशिष्ट कोनातली रेघ किंवा उजेड-अंधाराची कड समोर आली तरच जाग्या होतात, असं त्यांना आढळलं. काही पेशी उभ्या कडेसाठी, काही तिरप्या कडेसाठी. या कामासाठी १९८१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. कागदावरची रेघ नेमक्या याच यंत्रणेशी बोलते, म्हणून चार रेघांत वाटी उभी राहते.

घरी करायचा खेळ असा. मुलाने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहायचं आणि कागदाकडे न पाहता उजव्या हाताने त्याची कड काढायची. डोळा मुंगीच्या वेगाने सरकेल तसतशी पेन्सिल सरकवायची. चित्र वेडंवाकडं येतं, बोटं एकमेकांवर चढतात, घरात हसू पिकतं. पण नखाजवळचा बाक, पेरावरची सुरकुती, अंगठ्याचा फुगवटा हे सगळं त्यात उतरलेलं असतं. कारण कागद दिसत नसल्यामुळे मनातला ‘हाताचा ठरलेला आकार’ काढायची सोयच उरत नाही.

रेषेची जात ओळखण्याचा खेळ त्याहून सोपा आहे. एकच रेघ रागावलेली काढ, झोपाळू काढ, घाईत असलेली काढ. मुलं टोकदार, लोळणाऱ्या, तुटक रेषा न शिकवता काढतात. मग वारली चित्रं दाखवावीत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्या साहित्यावर अख्खं गाव उभं राहतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या चित्रांत बारीक रेषांची जी दाटी आहे ती मुलाला मोठी करून दाखवावी. नुसत्या रेषेने किती करता येतं हे सांगायची मग गरज उरत नाही.

आकार, आणि आकारांमधली जागा

वर्तुळ, त्रिकोण, चौकोन मुलांना बालवाडीपासून येतात, त्यामुळे इथे फार थांबायला नको. शिकवायचं ते वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागेलाही आकार असतो हे. खुर्ची भिंतीसमोर ठेवा आणि मुलाला म्हणा, “खुर्ची काढूच नकोस. पायांमधून आणि पाठीच्या फटींतून दिसणारे भिंतीचे तुकडे तेवढे रंगव.” खुर्ची आपोआप उमटते आणि बहुधा नेहमीपेक्षा बरोबर उमटते. खुर्ची कशी असते हे मुलाला आधीच माहीत असतं, म्हणून ते पाहत नाही. भिंतीच्या तुकड्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं, त्यामुळे पाहावंच लागतं. कुडाळजवळच्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आजही होतो. पडद्यावरची ती पात्रंही बाहेरच्या कडेवरून आणि आत कोरलेल्या भोकांच्या आकारांवरून ओळखू येतात.

छटा: सपाट गोल फुगतो कसा?

सगळ्या घटकांत मुलांना सर्वांत जादूचा वाटणारा हा घटक आहे आणि घरात सर्वांत कमी शिकवला जाणाराही हाच.

आधी एक प्रयोग करा. इडलीपात्राची रिकामी ताटली टेबलावर ठेवून, फोटोच्या वरच्या कडेकडून तिरका उजेड येत असताना फोनने फोटो काढा. फोटोत वाट्या खोलगट दिसतात. आता तोच फोटो उलटा, डोकं खाली पाय वर असा करून पाहा. बऱ्याच जणांना त्याच वाट्या एकदम फुगलेल्या दिसू लागतात. फोटोत काहीच बदललेलं नाही. उजेड वरून येतो असं मेंदू गृहीत धरतो, कारण सूर्य वर असतो. खळग्याची वरची कड सावलीत आणि खालची उजेडात असते, उंचवट्याचं बरोबर उलटं. फोटो फिरवला की ही खूण उलटते आणि मेंदू खळग्याचा उंचवटा करून टाकतो. कागदावर घनता दाखवायची म्हणजे मेंदूच्या या गृहीताचा उपयोग करायचा.

रात्री खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबललॅम्पखाली, पांढऱ्या कागदावर एक मोसंबं ठेवा आणि मुलासोबत उजेड शोधा. दिव्याकडच्या अंगाला चमक, तिच्याभोवती उजळ भाग, मग हळूहळू करडा होत जाणारा भाग, त्यापुढे सर्वांत गडद पट्टा. गंमत पुढेच आहे. अगदी खालच्या कडेला मोसंबं पुन्हा किंचित उजळतं, कारण खालचा पांढरा कागद उजेड परत वर फेकतो. कागदाच्या जागी लाल कापड ठेवलं तर त्या कडेला लालसर झाक येते. हा परतीचा उजेड एकदा दिसला की मूल तो स्टीलच्या डब्यावर, आईच्या हनुवटीखाली, सगळीकडे शोधत सुटतं. शेवटी मोसंब्याची कागदावर पडलेली सावली. वर्तुळात हे पाच भाग पेन्सिलने भरले की ते फळ होतं.

यासाठी पेन्सिली दोन-तीन प्रकारच्या हव्यात. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती यांचं मिश्रण. ग्राफाइट जास्त तितकी पेन्सिल मऊ आणि काळी. एचबीने फिकट भाग, फोर-बी किंवा सिक्स-बीने गडद. फक्त एचबी दाबून काळं करायला गेलं की कागद चकाकतो, काळा होत नाही.

चित्रकार डोळे बारीक करून का पाहतात हेही इथे सांगता येतं. पापण्या मिटत आणल्या की डोळ्यांत उजेड कमी जातो, चित्र धूसर होतं, बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. दुसरा उपाय फोनचा. लाल जास्वंदीचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंगांत एवढं उठून दिसणारं फूल बऱ्याचदा पानांत मिसळून जातं, कारण रंग वेगळा असला तरी छटा जवळपास सारखीच होती. रंगवलेलं चित्र मेलेलं का वाटतं याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

रंग: निळा आणि पिवळा मिळून हिरवाच का?

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. पिवळा रंग त्यातला निळा भाग गिळतो, तांबडा आणि हिरवा परत पाठवतो. निळा रंग तांबडा भाग गिळतो, निळा आणि हिरवा परत पाठवतो. दोन्ही मिसळले की निळाही गिळला जातो आणि तांबडाही. दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. रंग मिसळणं म्हणजे उजेड कमी करत जाणं, म्हणूनच ब्रश धुण्याचं पाणी शेवटी मातकट काळपट होतं. मुलाला ते पाणी फेकण्याआधी दाखवावं.

फोनच्या पडद्यावर उलटं घडतं. तिथे उजेडात उजेड मिसळतो. पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा, थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्या भागातही तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतात. छापलेल्या वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर भिंग धरलं तर आकाशी, गुलाबी-किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके. पुष्कळ वर्तमानपत्रांत पानाच्या कडेला याच चार रंगांच्या छोट्या खुणा असतात. छापखान्यात रंग नीट जुळतात की नाही ते पाहायला त्या लागतात. त्या शोधायला सांगितलं की रविवारची सकाळ कारणी लागते.

शाळेत आपण लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग शिकतो. घरी एक भर घालावी: लालसोबत किरमिजी द्यावा. नेहमीचा लाल आणि निळा मिसळून जांभळा काढायला गेलं की मळकट तपकिरी हाती येतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. त्या लालमध्ये पिवळ्याची झाक असते, ती जांभळा मारते. किरमिजीने जांभूळ जांभळासारखं होतं.

मुलं हमखास विचारतात असा एक प्रश्न: हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो? तिथे रंगात रंग मिसळलेला नसतो. हळदीतलं रंगद्रव्यच साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थामुळे बदलतं. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणामुळे. रंग मिसळणं आणि रंग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून, वाळल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने त्यावर लिहिलं की हे मुलाच्या डोळ्यांदेखत घडतं.

| चौकट: घरात काय असावं |
|---|
| पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, म्हणजे कागद वाया जाईल ही भीती राहत नाही. |
| एचबी, टू-बी आणि सिक्स-बी पेन्सिली. खोडरबर असू द्यावं, पण पहिल्या चित्राला लपवून ठेवावं. |
| पोस्टर कलरच्या सहा बाटल्या पुरतात: लाल, किरमिजी, पिवळा, निळा, पांढरा, काळा. काळा शेवटी द्यावा. |
| एक जाड आणि एक बारीक ब्रश, जुनी ताटली, दोन बरण्या पाणी. एक ब्रश धुवायला, दुसरी स्वच्छ. |
| भिंग, जुनी वर्तमानपत्रं, एक टेबललॅम्प. |

पोत

पोत बोटांनी शिकायचा असतो. पातळ कागद सुपावर, चाळणीवर, टाकी लावलेल्या पाट्यावर, फणसाच्या सालीवर ठेवून मेणखडू आडवा घासला की पोत कागदावर उतरतो. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये जुन्या लाकडी फरशीवर कागद ठेवून तो घासला आणि याच रीतीने पूर्ण चित्रमालिका घडवली. मुलाने दहा-बारा ठसे जमवले की कोणता ठसा कशाचा हे बाकीच्यांनी ओळखायचं. पुढची पायरी म्हणजे घासल्याशिवाय, फक्त पाहून तो पोत पेन्सिलने काढणं. ते अवघड आहे आणि घाई नको.

अवकाश: लांबचं लहान का?

आता आभाळाकडे वळू. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पट्टी सोडायला लावणारं सगळ्यात प्रभावी साधन खिडकीची काच आहे. मूल काचेसमोर उभं राहतं, एक डोळा मिटतं, डोकं हलवत नाही आणि समोरची बिल्डिंग, झाड, विजेचा खांब काचेवरच ओल्या साबणाच्या वडीने गिरवतं. दूरचा उंच खांब जवळच्या कुंडीपेक्षा बुटका निघतो. आभाळ इमारतीच्या कडेपर्यंत येऊन थांबतं, मधे कोरी जागा नाहीच. सांगून न पटलेली गोष्ट स्वतःच्या हाताने काचेवर उमटलेली असते. इटलीतल्या अल्बेर्टी या विद्वानाने १४३५ मध्ये यथादर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर अंतर दाखवण्याचे, नियम लिहिले, तेव्हा चित्र म्हणजे एक उघडी खिडकी अशीच कल्पना त्याने धरली होती.

मुलाला हे आधी का दिसत नाही? दुप्पट अंतरावर गेलेल्या माणसाची डोळ्यांतली प्रतिमा निम्मी होते, पण माणूस निम्मा झाला असं आपल्याला कधी वाटत नाही. अंतर लक्षात घेऊन मेंदू आकार सावरून धरतो. रस्ता ओलांडायला ही सोय फार चांगली, चित्र काढायला आड येते. ती बाजूला सारण्यासाठी पेन्सिल हात ताठ करून धरायची आणि तिच्यावर अंगठ्याने वस्तूची उंची मोजायची. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्यांना वस्तुचित्राची ही पद्धत आठवत असेल. हात कोपरात वाकला की पेन्सिल डोळ्यांजवळ येते आणि माप बदलतं, म्हणून हात ताठ हवा, हे कारणही सांगावं. चंद्र मोजायला लावावा. हात ताठ करून धरलेल्या करंगळीमागे तो सहज लपतो.

अंतर दाखवायच्या आणखी खुणा आहेत: पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबची जमीन कागदावर वर सरकते. पण महाराष्ट्रातल्या मुलाला सर्वांत सुंदर खूण सह्याद्रीत मिळते. घाटातून पाहिलं तर जवळचा डोंगर गडद हिरवा, त्यामागचा निळसर, त्यामागचा आणखी फिका आणि शेवटचा आभाळात विरलेला. मधल्या हवेत निळा उजेड जास्त विखुरतो आणि तो डोंगराच्या रंगात मिसळतो. जितकी हवा जास्त तितका डोंगर फिका आणि निळा. जलरंगात हे करून पाहायला एकच निळा रंग पुरतो. भरपूर पाणी घालून सर्वांत लांबची रांग आधी, ती वाळली की थोडा दाट रंग घेऊन पुढची, मग त्याहून दाट. तीन रांगांत कागद खोल होतो. त्रिकोणी डोंगरांची सवय झालेल्या मुलाला आपणच काढलेला हा लांबवर जाणारा डोंगर पाहून खूप आनंद होतो.

चित्र पाहताना काय बोलावं

“छान!” म्हणून मूल खूश होतं, पण पुढे काय करायचं ते त्याला कळत नाही. त्याऐवजी जे दिसतं ते बोलावं: “इथे रेघ जाड झाली आणि मग बारीक झाली. कशी केलीस?” घटकाचं नाव अशा बोलण्यातून आपोआप रुजतं. मुलाच्या कागदावर आपण पेन्सिल लावू नये, दाखवायचंच असेल तर आपला वेगळा कागद घ्यावा. ‘आत रंग भरा’ची पुस्तकं मी घरात फारशी ठेवणार नाही. त्यांत रेषा कुणीतरी आधीच पाहून ठेवलेली असते, मुलाने पाहायचं काही शिल्लक नसतं.

पाहायला लावण्याचं एक टोकाचं उदाहरण चित्रकार सय्यद हैदर रझा यांचं. लहानपणी ते वर्गात फार चंचल होते. त्यांच्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं, असं रझा सांगत. पुढे नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते पॅरिसला गेले आणि १९८० नंतरच्या त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी बिंदू आला. घरी मुलासाठी इतकं एकाग्र काही करायची गरज नाही. एका आठवड्याला एकच प्रश्न पुरतो आणि विषय मुलाच्या आवडीचा ठेवावा. एखादं मूल महिनाभर फक्त ट्रक काढत असेल तर काढू द्या. पहिल्या आठवड्यात ट्रकच्या कडा शोधा, दुसऱ्यात दुपारच्या उन्हात त्याची कुठली बाजू गडद आहे ते पाहा, तिसऱ्यात ताडपत्रीच्या सुरकुत्या, चौथ्यात त्याच्यामागे अर्धा झाकलेला दुसरा ट्रक.